वहिनीमार्फत बसवलेला मीटर

दादा मीटर निवडतो आणि धाकटी तो बसवते. मीटर म्हणजे घरातल्या विजेचा नव्हे. पाइपातून किती पाणी गेलं, किती तेल, किती वाफ, किती गॅस, ते सांगणारा कारखान्यातला फ्लो मीटर. दुकान त्यांच्या वडिलांनी काढलेलं. वडील गेल्यावर या बहीणभावांनी ते चालवलं, वाढवलं आणि त्यात दोघं यथेच्छ भांडली. पुढच्या खोलीत दादाचं टेबल, मागच्या खोलीत धाकटीचं वर्कबेंच, आणि दोन्ही खोल्यांच्या मधल्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का हमखास लागेल अशा जागी, वहिनीची खुर्ची. वहिनी म्हणजे दादाची बायको. फोन ती घेते, कोटेशन ती टाइप करते, रुसलेल्या गिऱ्हाइकाची समजूतही तीच काढते.

माझा गाळा यांना लागून आहे. मी बेअरिंग विकतो. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे त्यांच्याकडे चमचा पडला तरी मला कळतो. जे ऐकू आलं नाही ते वहिनीने नंतर सांगितलं, तेही अनेकदा, आणि दर वेळी थोडं वाढवून. तेव्हा यात माझ्या पदरचं काही नाही. असलं तर वहिनीच्या पदरचं असेल.

आधी भांडण सांगतो. औषधांच्या एका कारखान्यात पाण्याच्या लाइनीवर मीटर हवा होता. दादाची निवडायची पद्धत अशी, की मुलीसाठी स्थळ बघणाऱ्या बापाने त्याच्याकडून शिकावी. पाइप केवढा, कमीत कमी किती वाहणार, जास्तीत जास्त किती, किती गरम, किती घट्ट, दाब किती, पाइप पूर्ण भरून वाहतो की अर्धाच. गिऱ्हाईक घामाघूम होतं. एकदा एकाने फोनवर विचारलं होतं, "साहेब, मीटर विकताय की मुलाखत घेताय?" पण त्या दिवशी दादा सगळं विचारून एक विसरला. समोरचा म्हणाला "पाणी", आणि दादाने लिहिलं "पाणी". कसलं पाणी, हे विचारलंच नाही.

पाण्यातून थोडी तरी वीज वाहिली तरच चालणारा मीटर त्याने निवडला. साध्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे तो झकास चालतो. औषधांच्या कारखान्यातलं पाणी मात्र क्षार काढून इतकं शुद्ध केलेलं, की त्यातून वीज जाईना. पंप धो धो पाणी ढकलतोय आणि मीटर शून्यावर ढिम्म. धाकटी अख्खा दिवस शिडीवर. वायरी तपासल्या, जोडण्या उघडल्या, परत केल्या. खाली कारखान्याची माणसं माना वर करून तमाशा बघत उभी. शेवटी दादाला बोलावलं. तो आला, आणि काहीही न उघडता, न बघता, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "हिने अर्थिंग नीट केलं नसेल."

खरी गोष्ट थोड्याच वेळात बाहेर आली. मीटर बदलून दिला, गिऱ्हाईक हसून विसरून गेलं. धाकटी विसरली नाही. चूक कोणाचीही होते, तिचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. पण ज्या भावाने तिच्या हातात पहिला पाना दिला, त्याने चारचौघांत तिचंच काम वाईट ठरवलं, हे तिच्या जिव्हारी लागलं. दादाला ते कळत होतं. रोज रात्री जेवताना तो वहिनीला म्हणायचा, "चुकलंच गं माझं." वहिनी म्हणायची, "मला काय सांगताय, वन्संना सांगा." त्यावर हा ताटात बघायचा. एवढा मोठा बाप्या, पण दोन शब्द तोंडातून काढायचे म्हणजे दाढ उपटल्यासारखं वाटायचं त्याला.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एका छपराखाली, एका हाकेच्या अंतरावर बसून जे काही बोलायचं ते वहिनीमार्फत. दादाचे कागद वाचायलाही धाकटीने नकार दिला. "काय ते वहिनी सांगेल," म्हणाली. आणि दादाने जाहीर केलं की यापुढे तो कामाच्या जागी पाऊल ठेवणार नाही. "तिच्या कामात मी नाक खुपसतो ना? बरं. नाक इथेच ठेवतो."

आता वहिनीचा स्वभाव. ही बाई कोणाचंही वाईट बोलणं पुढे जाऊ देत नाही. भाजी निवडावी तसे निरोप निवडते. किडकी पानं काढायची, देठ खुडायचे, आणि उरलेलं छान धुऊन पुढे सरकवायचं.

दादा ओरडायचा, "तिला सांग, व्हॉल्व्ह मीटरच्या नंतर लावायचा असतो, एवढंही कळत नसेल तर दुकान बंद करा!"

वहिनी मान वळवून म्हणायची, "वन्सं, व्हॉल्व्ह नंतर लावलेला बरा, असं म्हणतायत."

आतून धाकटीचा आवाज यायचा, "त्याला सांग, ड्रॉइंगमध्ये नंतर जागाच नाही. डोळे गहाण ठेवून काढलंय का?"

"अहो, ड्रॉइंग पुन्हा एकदा नजरेखालून घालाल का, विचारतायत."

मी पत्र्यापलीकडे बसून हसायचो. दोघांनाही एकमेकांचं मूळ बोलणं स्वच्छ ऐकू येत असणार, असं मला वाटायचं. पण बहुतेक वेळा धाकटीकडे ग्राइंडर चालू असायचा आणि दादाच्या कानाला फोन. शिवाय ऐकायचंच नाही असं माणसाने ठरवलं की त्याला तोफही ऐकू येत नाही.

अशात शीतपेयांच्या कारखान्याचं काम आलं. बाटल्या भरायचा मोठा कारखाना. पेयात फेस आणणारा कार्बन डायऑक्साइड किती वापरला जातो ते मोजायला मीटर हवा होता. तिथल्या मॅनेजरबाई फार चटपटीत. जागा बघायला धाकटी गेली, तेव्हा तिने त्यांना सरळ सांगितलं की तुमच्या ड्रॉइंगमधली जागा निकामी आहे. पाइप वळतो तिथेच मीटर लावला तर वळणावर ढवळून निघालेला गॅस तसाच मीटरवर आदळतो आणि मीटर वेड्यासारखा आकडे दाखवतो. आधी लांब सरळ पाइप हवा, म्हणजे गॅस शांत होतो. बाई म्हणाल्या, सरळ पाइपाला जागा कुठे आहे, मध्ये भिंत आहे. धाकटी म्हणाली, "मग भिंतीला भोक पाडा." आणि त्यांनी पाडलं! दुसऱ्या खेपेला बाईंनी तिला चहा पाजला आणि विचारलं, आमच्याकडे का येत नाहीस? सगळ्या कारखान्याची उपकरणं तुझ्या ताब्यात, हाताखाली माणसं, आणि कोणाचे टोमणे नाहीत.

धाकटीने हे फक्त वहिनीला सांगितलं. "हा मीटर सहा आठवडे नीट चालला की माझी इथली शेवटची जबाबदारी संपली. मग मी जाणार. दादाला सांगू नकोस."

वहिनी त्या दिवशी माझ्या गाळ्यात येऊन बसली. एरवी ती आली की काहीतरी खायला घेऊन येते, त्या दिवशी रिकाम्या हाताने आली. म्हणाली, "वन्सं गेल्या तर मी काय करू हो? लग्न होऊन आले तेव्हा या घरात मला हसवणाऱ्या त्या एकट्या होत्या. हे काय, कॅटलॉगमध्ये डोकं घालून बसलेले असायचे. त्या गेल्या की दुकान चालेल एखाद वेळेस, पण माझं कसं चालायचं?" मी म्हटलं, मग नवऱ्याला सांग. ती म्हणाली, "शब्द दिलाय." मी म्हटलं, इतके निरोप पोचवतेस, त्यात हा एक. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बेअरिंग पुसायला घेतली.

काम मात्र दोघांनीही जीव ओतून केलं. कसं ते थोडं समजावून सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे. मलाही हे वहिनीनेच समजावलंय, तेव्हा तुम्हाला कळायला हरकत नाही.

दादाने निवडला तो भोवरे मोजणारा मीटर. त्याच्या पोटात एक आडवी दांडी असते. गॅस तिला अडून पुढे जाताना मागे भोवरे सोडत जातो, आणि मीटर ते भोवरे मोजतो. पण त्यातून एवढंच कळतं की गॅस किती जोरात गेला. गॅस पडला लबाड. दाब वाढला की अंग चोरतो, कमी झाला की पसरून बसतो. म्हणजे तेवढ्याच जागेतून कधी जास्त वजनाचा गॅस जातो, कधी कमी. म्हणून दाब आणि तापमान बघून आकडा सुधारून घ्यावा लागतो. याला ते लोक करेक्शन म्हणतात. ते विसरलं तर मीटर दिसायला देखणा आणि बोलायला खोटा.

दादाला धास्ती होती की धाकटी रागाच्या भरात हे विसरेल. म्हणून त्याने मुद्दाम महागातला मीटर मागवला, ज्याच्या पोटातच दाबाचे आणि तापमानाचे सेन्सर असतात आणि तो आपला आकडा आपणच सुधारून देतो. बाहेरून साधा मीटर आणि हा, दोन्ही सारखेच दिसतात. आणि तो वहिनीला म्हणाला, "तिला सांग, प्रेशरचं करेक्शन मीटरमध्येच घेतलंय. उगाच तिथे शहाणपणा करू नकोस म्हणावं. सगळं आपल्यालाच कळतं असं समजायची तिची जुनी खोड आहे."

वहिनीने निरोप निवडायला घेतला. "शहाणपणा" काढला. "जुनी खोड" काढली. आता "करेक्शन मीटरमध्ये घेतलंय, तुम्ही काही करू नका" एवढं उरलं. तेही तिला टोचलं. वन्सं म्हणतील, म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. काम संपायला आलेलं, शेवटचे दिवस, उगाच ठिणगी कशाला? तिने आत जाऊन सांगितलं, "वन्सं, मीटर फार चांगला आलाय म्हणतायत. तुम्ही बसवाल तसा बसवा."

तिकडे धाकटीला खात्री होती की दादा करेक्शन विसरला असणार. औषधवाल्यांकडे "कसलं पाणी" विसरला होता, तसाच. तिने आपल्या कपाटातून दाबाचा एक सेन्सर आणि तापमानाचा एक सेन्सर काढून मीटरच्या पुढच्या पाइपावर बसवले, आणि मीटरचा आकडा जिथे उमटतो त्या खालच्या पॅनेलमध्ये करेक्शनचं गणित भरून टाकलं. आणि वहिनीला म्हणाली, "त्याला सांग, प्रेशरचं मी बघितलंय. त्याचं विसरणं निस्तरायला मी आहे अजून. पुढे कोण निस्तरणार ते त्याचं त्याने बघावं."

वहिनीने "निस्तरणं" दोन्ही वेळचं खुडलं. "पुढे कोण" तर खुडायलाच हवं होतं, ते गुपित. मग बाकी काय राहिलं? तिने दादाला सांगितलं, "अहो, त्या म्हणाल्या, काही काळजी करू नका."

दादा खूश झाला. "असं म्हणाली?" असं त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, आणि त्या दिवशी कॅटलॉग मिटवून लवकर घरी गेला.

मीटर झकास बसला. धाकटी बसवते तेव्हा बघत राहावं. दोन पाइपांच्या मधलं रबर बरोबर मध्यावर आलंय का, कडा आत डोकावत तर नाही ना, हे ती बोट फिरवून बघते. बाण गॅसच्या दिशेला आहे ना, हे दोनदा. गॅसची टाकी बाहेर वजनकाट्यावर उभी असते. टाकीचं वजन जेवढं घटलं, तेवढाच आकडा मीटरने दाखवला. रोज. मॅनेजरबाईंनी फोन करून कौतुक केलं. वहिनीने फोन ठेवला आणि तिचे डोळे भरून आले, पण कौतुकाने नव्हे. एकेक आठवडा सरत होता.

आणि शेवटचा आठवडा सुरू झाला तेव्हा बाईंचा पुन्हा फोन आला. या खेपेला आवाज बर्फासारखा. टाकीचं वजन जास्त घटतंय आणि मीटर कमी दाखवतोय. गॅस कुठेतरी गळतोय असं समजून त्यांनी माणसं कामाला लावली होती. दोन दिवस अख्खा कारखाना साबणाचा फेस घेऊन पाइपाचे सांधे चोपडत हिंडत होता, कुठे बुडबुडा येतो का बघत. एकही आला नाही. पाइप मात्र इतके स्वच्छ कधीच झाले नसतील. "दोघंही या," बाई म्हणाल्या. "निवडणाराही आणि बसवणारीही. मला कोणाची चूक ते समोर ऐकायचंय."

दोघं निघाली, म्हणजे तिघं निघाली. वहिनीशिवाय ती दोघं एका गाडीत बसली असती तर निरोप कोणी दिले असते? दादा गाडी चालवतोय, धाकटी मागे खिडकीबाहेर बघतेय, आणि वहिनी पुढच्या सीटवर देवाचं नाव घेतेय.

तिथे पोचल्यावर मॅनेजरबाईंनी पाणीही विचारलं नाही. कारखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात, चार कामगारांसमोर त्यांनी विचारलं, "सरळ सांगा. मीटर चुकीचा निवडलाय की चुकीचा बसवलाय?"

धाकटीचा चेहरा दगड झाला. हे तिने आधी ऐकलं होतं. पुढे काय येणार तेही तिला पाठ होतं.

दादाने अजून मीटरकडे बघितलंही नव्हतं. तो म्हणाला, "बसवण्यात चूक नाही."

"तुम्ही अजून वर चढला नाहीत," बाई म्हणाल्या.

"गरज नाही. तिने बसवलाय. चूक असेल तर माझ्या निवडण्यात असेल. एकदा माझीच चूक असून मी हिचं नाव घेतलं होतं, चार माणसांत. आज चार माणसांतच सांगतो, ती माझी चूक होती." एवढं बोलून त्याला घाम फुटला. दाढ उपटली होती एकदाची.

धाकटीने बॅगेतून पाना काढला, परत ठेवला, परत काढला. मग यंत्रांच्या आवाजातही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मीटर चांगला आहे. मी बघितलाय. निवडण्यातही चूक नाही."

"वा," बाई म्हणाल्या. "म्हणजे दोघंही बरोबर, आणि गॅस माझा वेडा?"

तपासणी सुरू झाली. मीटर वर लोखंडी माचावर, पॅनेल खाली. दादा वर गेला, धाकटी खाली पॅनेलपाशी, आणि मधल्या जिन्यावर सवयीने वहिनी. बाईंनी सांगितलं, की एक भरण्याची लाइन दुरुस्तीला काढलीय, म्हणून या आठवड्यात गॅसचा दाब थोडा उतरवलाय. तेव्हापासूनच ही भानगड. दाब नेहमीचा होता तोवर काडीचा फरक नव्हता.

वरून दादा म्हणाला, "खाली सांग, दाब उतरल्यावर मीटरने आकडा कमी केलाय. करायलाच हवा. करेक्शन बरोबर चालू आहे."

खालून धाकटी म्हणाली, "वर सांग, दाब उतरल्यावर पॅनेलने आकडा कमी केलाय. बरोबर केलाय. करेक्शन चालू आहे."

वहिनी जिन्याच्या मध्यावर उभी. इतकी वर्षं ती कोटेशनं टाइप करतेय, ती काही नुसती टाइप करत नव्हती. मीटरने आकडा सुधारून खाली पाठवला, आणि सुधारलेलाच आकडा पॅनेलने पुन्हा सुधारला. नेहमीच्या दाबाला सुधारायला काही नव्हतंच, म्हणून दोन्ही गुमान होते. दाब उतरला, दोघांनी एकेकदा कमी केलं, आणि गॅस दोनदा कापला गेला. दोघांनीही हे एकमेकांना कळवलं होतं. कळवलं होतं वहिनीकडे.

आता बघा, तिला गप्प बसता आलं असतं. नवऱ्याच्या कानात सांगितलं असतं, त्याने वरच्या वर आपलं करेक्शन बंद केलं असतं, आकडा जुळला असता, आणि बाईंना काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. ती मला म्हणाली, की तिने खरंच एक पायरी वर टाकली होती. पण मग दादाने आपल्या नावावर घेतलेली चूक तशीच त्याच्या नावावर राहिली असती. आणि धाकटी सोमवारी या बाईंकडे रुजू झाली असती, भाऊ परत विसरला असं समजून. या दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं होतं, आणि तेच दोघांना कळलं नसतं. वहिनी तिथेच थांबली आणि जिन्यावरून ओरडली, "चूक माझी आहे!"

यंत्रं चालूच होती, पण माणसं थांबली.

मग तिने सगळं सांगितलं. या वेळी निवडून नाही, देठांसकट. शहाणपणा, जुनी खोड, निस्तरणं, सगळं. शेवटी म्हणाली, "मला वाटलं, तुमचं आणखी बिनसेल. म्हणून मी गाळलं. मला तुम्ही दोघंही हवे होतात हो!"

मॅनेजरबाई तिघांकडे आळीपाळीने बघत होत्या. साबण चोपडून दमलेला एक कामगार खांबाला टेकून अगदी मन लावून ऐकत होता.

दादा माचावरून वाकला आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा थेट बहिणीला म्हणाला, "तू वेगळा सेन्सर लावलास?"

"मग? मला वाटलं तू विसरलास!"

"म्हणून तर मी आत असलेला मीटर घेतला. मला वाटलं तू विसरशील!"

"मी? मी कधी विसरलेय?"

"आणि ही! हिने मला काय सांगितलं, तर काळजी करू नका!"

"मला काय सांगितलं माहितेय? मीटर चांगला आहे!" धाकटी आता पॅनेल सोडून जिन्याखाली आली होती. "वहिनी, तू वेडी आहेस का गं? करेक्शन म्हणजे काय कोथिंबीर आहे, नको असेल तर काढून टाकायला?"

"अगं, माझ्या शिव्या गाळ ना, गणित कसलं गाळतेस!" वरून दादा.

बोलता बोलता धाकटीने पॅनेलपाशी परत जाऊन त्यातलं आपलं करेक्शन बंद केलं. त्याच वेळी वर दादाने मीटरमधलं आपलं बंद केलं. दोघांनीही एकमेकांना न विचारता, बरं का. आकडा परत चुकला, आता उलट्या बाजूला. "अगं, माझं काढलंय, तुझं ठेव!" "अरे, माझं काढलंय, तुझं ठेव ना!" यावर पुन्हा जुंपली. शेवटी मॅनेजरबाईंनीच जोरात सांगितलं, "मीटरमधलं ठेवा! आणि तुम्ही बाई, जिन्यावरून उतरा आधी!"

दादाने आपलं पुन्हा चालू केलं. तासाभराने टाकीचं वजन आणि मीटरचा आकडा हातात हात घालून चालू लागले. बाईंनी चहा मागवला, तेव्हा कळलं की राग उतरला. कप हातात देता देता त्यांनी धाकटीला सर्वांसमोर विचारलं, "मग, सोमवारपासून येतेस ना?"

दादाचा कप तोंडाशीच राहिला. त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं. त्याने बहिणीकडे बघितलं, आणि मग कप खाली ठेवला. जा म्हणायची त्याची छाती नव्हती, आणि राहा म्हणायचा हक्क आपल्याला उरला नाही असं त्याला वाटत असणार.

"नाही मॅडम," धाकटी म्हणाली. "तुमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे. या दोघांना मात्र एकटं सोडण्यासारखं नाही."

परत येताना मात्र बैठक बदलली. दादा गाडी चालवत होता, धाकटी त्याच्या शेजारी, आणि वहिनी मागे, पान्यांच्या पेटीला आणि काढून आणलेल्या दोन सेन्सरांना सांभाळत. पुढच्या दोघांचं तोंड क्षणभर बंद नव्हतं. वहिनीने कधी कधी काय काय गाळलं असेल याची उजळणी चालली होती. "आणि तो तेलाच्या गिरणीचा व्हॉल्व्ह?" "तेव्हा मी तुला काय म्हणालो होतो?" "मला तर काही भलतंच सांगितलं!" "बघ, बघ!" दोघं मिळून तिला झोडपत होते, एकाने सोडलं की दुसरीने धरायचं, आणि मधेच एकमेकांना टाळ्या देत हसत होते. लहानपणी शेजाऱ्यांच्या खोड्या काढताना असेच हसायचे म्हणे.

मागे वहिनी डोळ्यांना पदर लावून हमसून हमसून रडायला लागली.

दादाच्या ते आरशात लक्षात आलं. त्याने गाडी हळू केली. धाकटीने मागे वळून बघितलं आणि तिचं तोंड एकदम उतरलं. आपण फारच बोललो असं दोघांनाही वाटलं, आणि दोघंही गप्प झाले. गाडीत नुसता इंजिनाचा आवाज राहिला.

वहिनीने घाबरून पदर खाली घेतला.

"गप्प का बसलात?" ती म्हणाली. "बोला ना. आणखी बोला मला. घर येईपर्यंत बोला."